आत्यानं कानात सांगितलं ते

"पाळना पायजे," मी म्हटलं.

इंदूवन्सं दुकानात वायरीचा गुंता सोडवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, मला बघितलं आणि पुन्हा गुंत्यात बोटं घातली.

"कुनाच्या बारशाला?"

"माझ्या लेकीच्या."

"साडेचार वर्साच्या घोडीचं बारसं?" त्या हसल्या. "तळ निसटंल की पाळन्याचा."

"निसटला तर भरून दीन. मारुतीच्या देवळापुढं मांडव पायजे. खुर्च्या पायजेत, दोन कर्णे पायजेत, माईक पायजे. आनि आत्या पायजे. ती काय दुसऱ्या दुकानात मिळत न्हाई."

त्यांच्या हातातली वायर थांबली. मी पुढं होऊन कोपऱ्यातल्या सागवानी पाळण्यावर हात ठेवला. चारी कोपऱ्यांना रंगवलेले लाकडी राघू होते, त्यातल्या एकाची चोच मी मुद्दाम धरून ठेवली. वन्संनी ते बघितलं. त्यांनी बघावं म्हणूनच मी ते केलं होतं.

हे माझं सासर. लग्न असो, जावळ असो, कुणाचं वर्षश्राद्ध असो, वेदगंगेच्या त्या काठाला मांडव घालायचा तो खोराट्यांनीच. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. वन्संना गावातच दिलेलं, पण त्या दिवसभर माहेरच्या दुकानात असायच्या. आईबापांमागं धाकट्या भावाला त्यांनी वाढवलं होतं, दुकानही त्यांनीच उभं केलं होतं. तो भाऊ म्हणजे माझा नवरा, सर्जेराव. आक्का म्हणेल ती पूर्व दिशा.

गावातलं एकूण एक पोर त्या राघूच्या पाळण्यातून नाव घेऊन उठलेलं. मला मात्र त्याला हात लावायची बंदी होती. लग्नाला पाच वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. "तुझा हात लागलेला पाळना लोक न्हेत्याल व्हय?" असं वन्सं चारचौघांत विचारायच्या. मग मी मागच्या अंगणात कढया घासत बसायची. त्या पाच वर्षांत मी किती उपास केले आणि कसला कसला पाला वाटून प्याले, ते सांगत बसत नाही. एकदा वन्सं मला एका देवऋष्याकडं घेऊन गेल्या. त्यानं माझ्या बेंबीखाली बिब्ब्याचे चटके दिले. माझे हात वन्संनी धरले होते आणि नवरा बाहेर चपला राखत बसला होता. ते डाग अजून आहेत.

आणि मग सहाव्या वर्षी मला दिवस गेले. मला वाटलं, आता घर नाचेल. मी सांगितलं तेव्हा सर्जेराव भिंतीकडं बघत उभा राहिला. वन्संनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कुनाचं?"

मला ती थट्टा वाटली. मी हसलेसुद्धा. मला आजही कशाचा राग यायचा असेल तर तो माझ्या त्या हसण्याचा येतो.

दुसऱ्या दिवशी मला माहेरी धाडलं, ते कायमचं. पोरगी झाली, सासरचं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. बारशाला माझ्या आईनं रीतसर निरोप पाठवला. पाळणा खोराट्यांचाच, म्हणून टेम्पोही पाठवला. टेम्पो रिकामा परत आला. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "पोर आमची न्हाई, पाळना कशाला दिऊ, म्हनत्यात." घुगऱ्या शिजलेल्या होत्या, बायका जमलेल्या होत्या. गल्लीतली गंगूकाकी म्हणाली, "आगं, कुनीबी आत्या हुतीय की. मी हुतो. आन हिकडं पोर."

"न्हाई," मी म्हटलं. "हिच्या कानात नाव सांगंल ती हिची सख्खी आत्याच सांगंल. तवर हिला नाव न्हाई."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. पण मी हटले नाही. पोरीला आम्ही चिमी म्हणायला लागलो. अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, लसीच्या कार्डावर विचारलं, मी सगळीकडं चिमीच सांगितलं. लोकांना वाटायचं, ही बाई खुळी आहे. मी खुळी नव्हते, मी संतापलेली होते. पोरीला जोजवताना मी गाणी म्हणायची नाही. इंदूवन्संना आपल्या दारात कसं वाकवायचं, याचे मनातल्या मनात बेत करायची, आणि पोरगी माझ्या मांडीवर शांत झोपायची.

मग घटस्फोटाचा दावा आला. माझ्यावर नको तो आळ घातलेला. माझ्या वकीलबाई तालुक्याच्या, धीराच्या होत्या. मी त्यांना म्हटलं, रक्ताची ती तपासणी असते म्हणे, बाप कोण ते कळतं. ती करा.

"मालनबाई, नीट विचार करून सांगा," त्या म्हणाल्या. "एकदा मागितली की माघार नाही. आणि समोरचे लोक अशा तपासणीला सहजी तयार होत नाहीत. वर्ष-दोन वर्षं खेचतील."

समोरचे लोक एका तारखेत तयार झाले. कोर्टाच्या व्हरांड्यात वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या, "करा की तपासनी. आज करा. आमी कवाबी तयार हाय." वकीलबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. मला कळेना, ही बाई एवढी खात्रीनं कशी बोलते? मला माझी खात्री होती, कारण मी मला ओळखत होते. हिला कसली खात्री होती?

रक्त द्यायला आम्ही तिघं जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. सर्जेराव बाकावर माझ्याशेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसला होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. कुणाच्या मातीला आल्यासारखं तोंड करून तो बसला होता.

"मालन," तो हळूच म्हणाला, "अजून येळ हाय. नको म्हनून सांग. पोरीची शोभा हुईल उगंच."

"तुमची हुईल."

"माझी काय व्हायची ऱ्हायलीया?"

मला ती धमकी वाटली. मी चिमीला उचललं आणि आत गेले. सुई टोचली तेव्हा चिमी ओरडली नाही. तिच्यामागून तो गेला, तो ओरडला.

निकाल आला. पोरगी त्याचीच. शंकेला जागाच नाही असं लिहिलेलं. न्यायाधीशांसमोर ते वाचलं गेलं आणि सर्जेराव मटकन बाकावर बसला. आधी हसला, मग रडायला लागला. बाया रडतात तसा, तोंडाला पदर नाही एवढंच. मी त्याचा अर्थ लावला, पश्चात्ताप होतोय. वन्सं मात्र दगडासारख्या उभ्या होत्या. माझ्या जवळून जाताना पुटपुटल्या, "म्यानेज केलंस व्हय? पुरी पोचलेली हाईस."

लोक म्हणतात, असल्या तपासण्यांनी घरं मोडतात. माझं घर आधीच मोडलेलं होतं. त्या कागदामुळं निदान गल्लीतून मान वर करून पाणी आणता यायला लागलं. नदीच्या ह्या काठाला, माझ्या माहेरी, बायका मला पुन्हा हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या. माझ्या आईची पाठ चार वर्षांत वाकली होती, ती ताठ झाली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे, त्यामुळं तपासणीला कुणी नावं ठेवली तर मी भांडते.

आठवडाभरात सर्जेराव पेढे घेऊन आमच्या दारात. निकालाची झेरॉक्स त्यानं प्लास्टिकमध्ये घालून आणली होती. येता येता ती वडापच्या जीपवाल्याला दाखवली, चहाच्या गाडीवर दाखवली, आमच्या दारातल्या गवंड्यालाही दाखवली. "माझीच हाय पोरगी. सरकारी कागुद हाय." चिमीकडं त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा कागदच बघत बसला. मला ते खटकलं. पण मी म्हटलं, असतो एखाद्याचा आनंद वेगळा.

"चल घरला," तो म्हणाला. "झालं ते झालं."

आई पाठीमागून मला ढोसत होती. मला जायचंच होतं. प्रेम-बिम नव्हे. मला त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसायचं होतं आणि वन्संना मागच्या अंगणात कढया घासताना बघायचं होतं. चार वर्षं मी एवढ्यावरच जगले होते.

"यीन," मी म्हटलं. "पर आदी बारसं. तुमच्या गावात, देवळापुढं. बदनामी जितं झाली तितं. आनि नाव आक्का सांगत्याल. कर्ण्यावर. मग तिथनंच पोरीला घिऊन तुमच्या उंबऱ्यात यीन."

म्हणून मी त्या दिवशी दुकानात राघूची चोच धरून उभी होते. वन्सं म्हणाल्या, "मी वाकायची न्हाई तुझ्या पोरीम्होरं." तेवढ्यात मागून सर्जेराव आला. जन्मात पहिल्यांदा तो आक्काशी मोठ्यानं बोलला.

"आक्का, माझी पोर हाय ती. कागुद हाय. वाकशील तू."

वन्संनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू घरातल्या भांड्यानं तोंड उघडलं. मग वायर जमिनीवर टाकली आणि म्हणाल्या, "कवा पायजे मांडव?"

बारशाला सगळं गाव लोटलं. निम्मे लोक घुगऱ्यांना आले आणि निम्मे गंमत बघायला. सर्जेरावनं स्वतः झालरी बांधल्या, पाळण्याला झेंडू लावला, निकालाचा कागद शर्टाच्या खिशात अर्धा बाहेर दिसेल असा ठेवला. माझ्याकडून आई आणि गंगूकाकी आणि गल्लीतल्या चार बायका. चिमीला मी परकर-पोलकं घातलं होतं.

"गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत तान्ह्या पोराला पाळण्याखालून इकडून तिकडं द्यायची रीत. चिमीला कोण देणार? ती आपली आपणच रांगत इकडून तिकडं गेली, परत आली, आणि तिला ते एवढं आवडलं की तिसऱ्यांदाही निघाली. बायका हसून लोळल्या. मग ती पाळण्यात मांडी घालून बसली. तळ काही निसटला नाही.

"या की आत्याबाई," गंगूकाकीनं हाक मारली.

वन्सं पुढं आल्या. नाव मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: रेवती. रेवती सर्जेराव खोराटे. त्या पाळण्याजवळ थांबल्या. मी शेजारीच उभी होते. त्यांची पाठ हळूहळू वाकली, आणि खोटं कशाला सांगू, चार वर्षांचा उपास सुटल्यासारखं मला वाटलं. त्यांनी पदर ओढून चिमीचं डोकं आणि आपलं तोंड झाकून घेतलं. "कुर्रर्र" झालं. पुढं बराच वेळ पदरातून नुसती कुजबूज येत होती. नाव सांगायला एवढा वेळ लागत नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. मग त्या उठल्या, पदर नीट केला, आणि तोंडावर एक बारीक हसू घेऊन बाजूला झाल्या.

आता आत्यानं नाव मोठ्यानं सांगायचं. पण सर्जेरावला राहवलं नाही. तो माईक घेऊन पाळण्याशी आला.

"थांब आक्का. माझी पोरगीच सांगंल. दुसऱ्याची पोरं मुकी असत्यात बारशाला, माझी बोलती हाय. चिमे, सांग गावाला. आत्यानं कानात काय सांगितलं?"

वन्संचं हसू गेलं. "आरं, ऱ्हाऊ दे, मी सांगतो की," म्हणत त्या पुढं आल्या. जन्मभर त्यांनी तान्ह्या पोरांच्या कानात नावं सांगितली होती. कानात टाकलेलं परत बाहेर येतं, ही सवयच नव्हती त्यांना.

चिमीनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि शिकवल्यासारखी मोठ्यानं बोलली. दोन्ही कर्णे दणाणले.

"आत्या म्हनली, कागुद काय बी म्हनू दे. माझ्या भावाला पोरं हुईत न्हाईत. डाक्टरनं लगीन झाल्या झाल्या सांगितलंया. तू कुनाची, ते तुझ्या आईला इचार." मग ती माझ्याकडं वळली. "आई, मी कुनाची?"

कर्णा नुसता गुरगुरत होता.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मग ते पोटात उतरलं, जिथं डाग आहेत तिथं.

"कुठल्या डाक्टरनं?" मी सर्जेरावला विचारलं. "कवा?"

तो जमिनीकडं बघत होता. "लगनानंतर मला गालफुगी झालती बघ, ती खाली उतरलेली. तवा. तालुक्याच्या डाक्टरनं तपासलं हुतं."

"काय म्हनला हुता?"

"लई कठीन हाय, म्हनला."

"कठीन म्हनला, का हुनारच न्हाई म्हनला?"

"कठीन," तो म्हणाला. "आक्का म्हनली, कठीन म्हंजी न्हाईच. डाक्टर लोक त्वांडावर न्हाई म्हनत नसत्यात."

"आनि पाच वर्सं मला पाला पाजला?"

उत्तर गंगूकाकीनं दिलं, तेही माईकजवळ उभी राहून. "म्हंजी तुमास्नी म्हाईत हुतं? खोट तुमच्या घरात हाय म्हाईत असून ह्या लेकीला वांझ म्हनत हुता? बिब्बं लावलं हिला, इंदे, म्हाईत असून?"

वन्सं म्हणाल्या, "मग काय भावाची आब्रू येशीला टांगू? बायका सोसत्यात. त्यानं जीव दिला आसता."

दुसरं काही त्यांच्याकडं नव्हतं. मला वाटतं, त्यांना ते अजूनही बरोबर वाटत असेल. आणि म्हणूनच त्यांना खात्री होती. म्हणूनच तो बाकावर तसं तोंड करून बसला होता. कोर्टात तो रडला तेही माझ्यासाठी नव्हे, चिमीसाठी नव्हे. तो कागद पोरीचा नव्हताच, तो त्याच्या मर्दपणाचा दाखला होता. गावभर तोच दाखवत हिंडत होता.

आता आमच्याकडं एक रीत आहे. आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत बुक्के मारायचे. थट्टेचे, हलके. आत्या ओरडल्याचं सोंग करते, सगळ्या हसतात. त्या दिवशी पहिला बुक्का कुणी मारला ते मला दिसलं नाही. पण खोराट्यांच्या पाळण्याला जिला हात लावू दिला नाही, अशी त्या गावात मी एकटीच नव्हते. एक एक बाई उठली. कुणी हसलं नाही. धप्, धप् असा आवाज येत होता आणि वन्सं पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. रीतच असल्यामुळं त्यांना पळताही येईना आणि पुरुषांना मध्ये पडताही येईना. माझी आई उठली. जन्मात तिनं कोंबडीला हाकललं नव्हतं. तिनं दोन्ही मुठी आवळून मारला आणि मारल्यावर तिथंच रडत बसली.

मग सगळ्या मागं सरल्या. माझी पाळी होती. वन्संनी मान वळवून बघितलं.

"मार की," त्या म्हणाल्या. "तुझ्याच मनासारकं झालं."

मी मारला. जीव खाऊन मारला. आज इतकी वर्षं झाली, चिमी स्वतः आई व्हायला आली, लोक विचारतात, तुला वाईट नाही वाटलं? नाही वाटलं. हात मात्र आठवडाभर दुखत होता.

सर्जेराव माझ्या आडवा आला. खिशातला कागद घामानं चिकटला होता. "मालन, आता चल घरला. गावाम्होरं आनि तमाशा नको. आक्काला मी दुकानात येऊ देनार न्हाई. गल्ला तुझा. तू म्हनशील तसं."

मला हवं होतं ते सगळं त्यानं एका दमात देऊन टाकलं. गल्ला, दुकान, मागच्या अंगणातल्या कढयासुद्धा. ते घ्यायचं तर याच्याशेजारी निजावं लागणार होतं. ज्यानं बाहेर चपला राखल्या, त्याच्याशेजारी.

मी चिमीच्या हातातला माईक घेतला.

"आत्या नाव सांगायचं इसरली," मी म्हटलं. दोन्ही कर्ण्यांतून माझा आवाज देवळावर आपटून परत आला. "म्हनून मी सांगतो. समद्यांनी ऐका. ही रेवती. रेवती मालन चौगुले."

चौगुले माझ्या माहेरचं. सर्जेरावनं एकदम खिसा दाबला, जणू कुणी कागद हिसकावून घेणार होतं.

"आगं, पर कागदावर म्या बाप हाय," तो म्हणाला. "कोर्टानं दिलंया."

"हाईसा की," मी म्हटलं. "त्यो कागुद तुमीच ठेवा. तुमालाच लागंल."

रेवतीला मी पाळण्यातून उचललं. ती जड झाली होती. नदीच्या उतारापर्यंत तिनं वाटेत भेटेल त्याला आपलं नाव सांगितलं, पुरं.